बोटभर की मूठभर? कुर्ल्याच्या प्रवाळवाल्याकडचं माझं एक वर्ष

दुकानाचं नाव देत नाही. पुढे तक्रार आहे, आणि त्या माणसाशी माझं आता बरं जमतं. मुंबईत ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे त्यांना ‘कुर्ला, दोन पायऱ्या उतरून आत’ एवढ्यावरून कळेल. नाही कळलं तरी बिघडत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही दुकानात कामाला येईल: मऊ प्रवाळ (दगडी सांगाडा नसलेला, पोवळ्याच्या जातीचा समुद्री जीव) घेताना पैशाला किती नग आले ते मोजू नका, एकेक नग केवढा आहे ते बघा.

मी दादरला एकतीस वर्षं ब्लाउज शिवते. टँक माझा नाही, मुलाचा. तीन फुटी, दोनशे लिटरच्या आतबाहेर. त्याला बंगळूरला नोकरी लागली, तो गेला, टँक राहिला. “आई, फक्त पाणी घालत जा,” म्हणून गेला. फक्त पाणी! पाण्यातला क्षार मोजायचं ते रिफ्रॅक्टोमीटर, हा शब्द नीट म्हणायलाच मला महिना लागला. आता मात्र सकाळी उठून आधी क्षार बघते, ३५ च्या आसपास, तापमान २५-२६, आणि मग चहाचं आधण ठेवते. आमच्या ह्यांचं म्हणणं, माझं बीपी कधी एवढ्या काळजीने बघितलं नाहीस.

तर गेल्या दिवाळीची गर्दी सरल्यावर, हातात चार पैसे असताना, मी पहिल्यांदा या दुकानात गेले. बाहेर गोड्या पाण्याचे मासे, गप्पी, फायटर, पिशव्यांत टांगलेले. आत अरुंद बोळ, निळा उजेड, आणि पायाखाली सतत ओलं. चपला घालून जाऊ नका, बूट घाला. शेवटच्या भिंतीला लांब उथळ हौद आहे आणि त्यात जाळीवर ओळीने फ्रॅग मांडलेले. फ्रॅग म्हणजे मोठ्या प्रवाळातून कापलेला तुकडा, सिमेंटच्या बटणावर बसवलेला. हौदाच्या कोपऱ्यात ज्यांच्यातून हे तुकडे कापतात त्या ‘मदर’. त्यात एक लेदर नावाचं मऊ प्रवाळ होतं, माझ्या पुरणाच्या ताटाएवढं, कडेला झालर पडलेली, वर हजारो बारीक फुलं डुलतायत. मी तिथेच उभी राहिले. झालर कशी पडते ते मला कळतं. काठाचं कापड मधल्यापेक्षा जास्त वाढलं की झालर पडणारच.

आधी चांगलं सांगते. इथे दगडी प्रवाळ विकत नाहीत. मी मुद्दाम गिऱ्हाईक होऊन विचारलं, तर मालकाने सरळ नाही म्हटलं. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. कोस्टल रोडच्या वेळी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरची थोडीशी प्रवाळं २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावावी लागली, ती त्याचमुळे. इथे मऊ तेवढेच, आणि तेही स्वतःच्या हौदात कापून वाढवलेले. पण मूळ मदर कुठून आली असं विचारलं तर उत्तर तोंडी मिळालं, कागद दिसला नाही. अर्धा तारा मी तिथेच कापलाय.

हौदावर एक मुलगा असतो, प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेला, नोकरी शोधता शोधता इथे अडकलेला. त्याच्यासाठी खरं तर वेगळा तारा द्यायला हवा. पहिल्या दिवशी त्याने माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाला, “काकू, फुलाचे हात मोजा.” मोजले. आठ. प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे. “आठ हात आणि पिसं असली तरच खरं मऊ प्रवाळ. बाकी दुकानदार सॉफ्ट म्हणून काहीही विकतात. मश्रूम नावाचे, झोअँथिड नावाचे समुद्री जीव विकतात, ते या घरातले नाहीत.” मग माझ्या बोटाकडे बघून म्हणाला, “आणि तुमच्या अंगठीतलं पोवळं आहे ना, ते याच घरातलं. त्यालाही आठच हात असतात.” लग्नापासून बोटात असलेली अंगठी. मंगळासाठी म्हणून घातली होती. मी तिच्याकडे त्या दिवसापासून जरा वेगळ्या नजरेने बघते.

आता तक्रार.

मालकाने मला ‘नवशिक्यांचा संच’ विकला. दहा फ्रॅग, साडेतीन हजार. नगाला साडेतीनशे पडले, आणि त्याच हौदातलं मुठीएवढं लेदर अठराशेला होतं. मी हिशेबी बाई. दहा कुठे आणि एक कुठे! दहातले पाच मेले तरी पाच उरतील असं मनात म्हटलं. एकेकाची टोपी करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर, आणि देठ काडेपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड. बटणावर रबरबँडने आवळलेले.

रविवार होता. मेगाब्लॉक. कुर्ल्याच्या फलाटावर पाऊण तास काढला. दहा छोट्या पिशव्या, प्रत्येकीत वाटीभर पाणी, आणि मी त्या कापडी पिशवीत घालून छातीशी धरलेल्या. घरी येऊन मोजलं तर पिशव्यांतलं पाणी साडेतीस. हौदात सव्वीस होतं. वाटीभर पाणी तापायला वेळ लागत नाही आणि करंगळीएवढ्या जिवाला त्यात पळायला जागा नाही. हा आकाराचा पहिला धडा फलाट क्रमांक चारवरच मिळाला, फक्त तेव्हा तो मला कळला नाही.

दोन आठवड्यांत चार गेले. मऊ प्रवाळ मरतं कसं, ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: आधी फुलं आत ओढून बसतं. मग टोपीच्या एका कडेला राखाडी ठिपका येतो, शिळ्या साबुदाण्यासारखा. दुसऱ्या दिवशी तो ठिपका दुप्पट. तिसऱ्या दिवशी टोपी नाही, नुसता चिकट पांढरा लोळ, आणि वास. वास असा की शेजारच्या आजी विचारायला आल्या, बोंबील जळले का म्हणून.

एक फ्रॅग गोगलगाईने मारलं. ती शेवाळ खाण्यासाठी ठेवलेली, लिंबाएवढी. रात्री ती वाटेत येईल ते ढकलत जाते. मोठ्या लेदरला धडकली तर वळसा घालते, छोट्याला बटणासकट उपडं करते. ते फ्रॅग उताणं पडून दगडाच्या खाचेत गेलं, मला चार दिवसांनी सापडलं. आणखी एकावर केसासारखं शेवाळ चढलं. दोन सेंटिमीटरच्या टोपीवर एक सेंटिमीटर शेवाळ आलं की उजेड बंद, आणि उजेड बंद म्हणजे जेवण बंद. यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, उजेडावर साखर करतात, प्रवाळाचं बरंचसं पोट त्यावर भरतं.

जानेवारीत मोजले तर दहातले चार शिल्लक. फेब्रुवारीत तीन.

मी चिडून दुकानात गेले. मालक म्हणाला, “ताई, पाणी बघा तुमचं.” मी महिनाभराच्या नोंदींची वही काढून समोर ठेवली. शिवणवाली बाई मापं लिहिल्याशिवाय झोपत नाही. तो वही चाळत गप्प झाला आणि मुलाला हाक मारून स्वतः बाहेर गप्पींकडे गेला.

मुलगा समजावायला लागला, पण त्याआधी मीच त्याला समजावलं. मला ते रात्री कापड कापताना सुचलं होतं. एक इंची चौकोनी कात्रण घ्या. चारही बाजूंनी पाव-पाव इंच दोरे सुटले तर आत अर्धा इंची चौकोन उरतो. म्हणजे कापडाचा पाव भाग राहिला, तीन भाग गेले. आता चार इंची चौकोन घ्या. तसेच पाव इंच दोरे सुटले. आत साडेतीन इंची चौकोन उरतो, म्हणजे तीन भागांहून जास्त शाबूत. कात्री तीच, दोरे तेवढेच, कापड छोटं म्हणून संपलं. फ्रॅगला कापल्यावर काठ उघडा पडतो, तिथून कूज आत शिरते. छोट्याला आत जागाच नाही.

मुलगा हसला आणि म्हणाला, “काकू, हेच आम्हाला दोन लेक्चर्समध्ये शिकवलं होतं.” मग त्याने त्यात भर घातली. प्रवाळ एक जीव नसतो, एकाच पिठातून लाटलेल्या पुऱ्यांसारखे शेकडो जीव एकत्र राहतात. मोठ्या वसाहतीचा अर्धा भाग मेला तरी उरलेला अर्धा जगतो. छोटी वसाहत मरते तेव्हा पूर्णच मरते. म्हणून प्रवाळाचं पुढे काय होणार ते त्याच्या वयावरून ठरत नाही, आकारावरून ठरतं. ह्यूज आणि जॅक्सन नावाच्या दोघा शास्त्रज्ञांनी १९८० मध्येच लिहून ठेवलंय की प्रवाळाचा आकार बघून वय सांगता येत नाही. मोठं झालेलं आक्रसून छोटं होतं, एकाचे तुकडे होऊन चार होतात, आणि चारही तेवढ्याच वयाचे. ते दगडी प्रवाळांबद्दल होतं, पण मऊला हे जास्तच लागू. पनामाच्या समुद्रात लास्कर नावाच्या शास्त्रज्ञांनी एका समुद्रचाबकाचा (लांब फांद्यांचं, याच आठ हातांच्या घरातलं प्रवाळ) अभ्यास केला, जो तुटून तुटूनच पसरतो. लाटेने तुटलेल्या फांद्यांत जी लांब असते तिला जगायची संधी जास्त.

“मग तुम्ही करंगळीएवढे का कापता?” मी विचारलं.

त्याने मालकाच्या पाठीकडे बघितलं. उत्तर दिलं नाही.

दुसरी गोष्ट रबरबँडची. मेलेल्या सातांपैकी दोघांच्या देठाला बरोबर रबराच्या जागी खाच होती. मोठ्या देठाला रबर थोडं रुततं आणि सैल पडतं. काडीएवढ्या देठाला ते कापूनच टाकतं. हे बघितल्यावर मी दुसऱ्या खेपेला पिशवीत नेटची कात्रणं घेऊन गेले. घागऱ्याच्या ओढणीला लावतात ते मऊ नेट, मोठ्या भोकांचं. बटणावर तुकडा ठेवायचा, वर नेट पसरायचं, नेट खालून बांधायचं. तुकड्यावर दाब नाही, पाणी खेळतं, आठवड्या-दहा दिवसांत तो आपणच दगडाला धरतो, मग नेट काढून टाकायचं. मुलाला हे आधीच माहीत होतं. परदेशात लोक नवरीच्या घुंघटाची जाळी वापरतात म्हणे. फक्त दुकानात कोणी आणत नव्हतं. दादरला माझ्या टेबलाखाली गोणीभर पडलेली असते.

त्या दिवशी मी अठराशेचं लेदर घेतलं. सार्कोफायटन त्याचं नाव, टोपी दहा सेंटिमीटर, देठ अंगठ्यापेक्षा जाड. या वेळी थर्माकोलचा डबा घरून नेला, पिशवीत दोन लिटर पाणी भरून घेतलं, आणि शनिवारी गेले. घरी पोचेपर्यंत पाणी अर्धा अंशही चढलं नाही.

आता मापांबद्दल, कारण इथे मी स्वतः फसले. पहिल्या रविवारी दुपारी टेपने टोपी मोजली, दहा. पुढच्या रविवारी सकाळी मोजली, साडेसात. मी घाबरून दुकानात फोन केला. मुलगा म्हणाला, “फुलं आत आहेत? वर मेणचट चमक आहे?” होती. “कात टाकतंय. चार-पाच दिवस हात लावू नका, पंख्याचा झोत जरा वाढवा.” खरंच पाचव्या दिवशी मेणकापडासारखा पापुद्रा सुटून गेला आणि टोपी साडेदहावर उमलली. या जिवांना हाडं नाहीत. अंगात चुन्याचे बारीक काटे असतात तेवढेच, बाकी सगळा डोलारा पाण्यावर. पाणी भरलं की फुगतात, सोडलं की आक्रसतात. पोट भरलेल्या गिऱ्हाइकाची कंबर मोजल्यासारखं. म्हणून आता मी टोपी मोजतच नाही. देठाच्या बुडाला शिवणाचा दोरा गुंडाळते, दोरा पट्टीवर ठेवते, आणि वार, वेळ ठरलेली. टोपीचा फोटो मात्र पट्टी बाजूला ठेवून काढते. कोणी तुम्हाला ‘महिन्यात दुप्पट झालं’ म्हणून फोटो दाखवला तर आधी विचारा, कात टाकण्याआधीचा आणि नंतरचा तर नाही ना.

पहिल्या खेपेपासून सहा महिन्यांनी माझ्या वहीत असं निघालं. जगलेल्या तीन छोट्यांच्या टोप्या उमललेल्या असताना दोनाच्या चार सेंटिमीटर झाल्या. मोठ्याची दहाची अकरा. ऐकायला छोटे जिंकले, आणि त्यांच्या मानाने जिंकलेच. क्षेत्रफळात चौपट. पण किती कापड वाढलं असा हिशेब केला तर छोट्यांनी प्रत्येकी साधारण नऊ चौरस सेंटिमीटर भर घातली, मोठ्याने सोळाच्या वर. बाळ वर्षात तिप्पट वजनाचं होतं म्हणून ते बापापेक्षा जास्त जेवतं असं नाही. माझ्या एका टँकमधल्या चार जिवांवरून शास्त्र लिहायला मी बसलेली नाही, पण दुकानात ‘छोटे लवकर वाढतात’ हे वाक्य ज्या सुरात विकलं जातं, त्याच्या मागे हा हिशेब धरा. आणि जे मेले ते या हिशेबात मोजलेच जात नाहीत, हेही धरा.

हौदावरच्या मुलाने सांगितलेली एक गोष्ट मात्र मोठ्यांच्या विरुद्ध जाते, आणि ती मला सगळ्यात आवडली. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ टाटूश नावाचं बेट आहे. तिथल्या थंड पाण्यात एक मऊ प्रवाळ आहे, ते मोठं झालं की आपणहून दुभंगतं. कॅथरीन मॅकफॅडन या बाईंनी त्याचा अभ्यास केला आणि १९८६ मध्ये दाखवलं की दुभंगल्यावर झालेल्या छोट्या वसाहतींना पाण्यातले कण जास्त सापडतात. मोठ्या वसाहतीत कडेची फुलं आधी खाऊन घेतात, मधल्यांपर्यंत पाणी पोचतं ते पंगतीच्या शेवटी उरलेल्या वरणासारखं. मी घरी येऊन माझ्या लेदरकडे बघत बसले. वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी खेळवणारा पंखा, बंद केला तर खरंच मधली फुलं आधी मिटतात. आता मी वेव्हमेकर सरळ न लावता काचेवर आपटवून लावलाय, पाणी फिरून येतं. मधली फुलं तेव्हापासून जास्त वेळ उघडी असतात. मोठं असण्याचा फायदा जगण्यात आहे, जेवणात नाही.

आणि सगळी मऊ प्रवाळं एका मापाने कापू नका. याच दुकानातून मी नंतर स्टार पॉलिपचा तुकडा घेतला, दोन इंची, तीनशेला. जांभळी चटई आणि वर हिरवी फुलं. हे उंच वाढत नाही, सतरंजीसारखं पसरतं, आणि पसरतं ते काठाने. ज्या काठाने लेदरचे दोरे सुटतात, तोच काठ इथे वाढीची जागा. छोटा तुकडा असला तरी त्याला अंगाच्या मानाने काठ भरपूर. दोन महिन्यांत बटण झाकलं, चौथ्या महिन्यात मागच्या काचेवर चढलं, आता मी ते ब्लेडने खरवडून शेजारच्या मुलीला देते. झेनिया नावाच्या मऊ प्रवाळाचंही तसंच, ते आपणहून फुटत राहतं. तेव्हा स्टार पॉलिप आणि झेनिया स्वस्तातले छोटे घ्या, खुशाल. लेदर आणि त्याच्यासारखं सिन्युलॅरिया घेताना हात सैल सोडा.

मे महिन्यात टँकचं पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला. (चिलर या दुकानाचा नाही, त्याची कथा वेगळी आणि तिला तारे शून्य.) मी लग्नसराईच्या कामात, संध्याकाळी घरी आले तर टँक बत्तीसवर. बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पंखा लावला, रात्री अठ्ठावीसवर आणला. तीन छोट्यांपैकी एक आठवड्यात गेलं. मोठ्याच्या टोपीला एका बाजूने तो साबुदाणा दिसला. मी हौदावरच्या मुलाला व्हिडिओ पाठवला. तो म्हणाला, “कापा. कुजलेल्याच्या पुढे एक सेंटिमीटर चांगल्यातून. धारदार ब्लेड, एका झटक्यात, करवतायचं नाही.” हातमोजे आणि चष्मा घालायला लावला, आणि पुन्हा पुन्हा बजावलं की झोअँथिडला मात्र घरी ब्लेड लावायचं नाही, त्यांच्यातल्या काहींचं विष माणसाला दवाखान्यात नेतं. त्यांच्या दुकानात तो स्वतः चष्मा लावतो, मालक लावत नाही. हे मी मालकाला तोंडावर सांगितलंय.

मी कापलं. टोपीचा एक तृतीयांश गेला. चामडं कापल्यासारखा करकर आवाज आला आणि वास असा सुटला की ह्यांनी जेवण गॅलरीत नेलं. कापल्यावर लेदर पाण्यात तिखट द्रव्यं सोडतं, शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून कार्बनची नवी पिशवी लावली आणि चौथा हिस्सा पाणी बदललं. पण टोपीचा एक लचका देठाकडे लोंबत राहिला होता, तो चांगला होता, टाकायला जीव होईना. गोंद चिकटेना, यांच्या अंगाला सतत बुळबुळ. मग मी काय केलं? नऊ नंबरची सुई आणि पारदर्शक नायलॉन दोरा. चार टाके, सैल, धावदोऱ्याचे. दगडाच्या भोकातून ओवून घेतले. तीन आठवड्यांनी टाके काढले तेव्हा तो दगडाला धरून बसला होता आणि त्याच्यावर स्वतःची फुलं आली होती. आता तो पाच सेंटिमीटरचा आहे. आईचं माप आठवर आलं होतं, ते पुन्हा नऊ झालंय. दोघांचं वय एकच.

हौदावरचा मुलगा म्हणतो, अजून ती आई वयातही आलेली नसेल. या लेदरमध्ये नर-मादी वेगळे असतात, नर छोट्या आकारात वयात येतो, मादीला अंग धरायला जास्त वर्षं लागतात. बेनायाहू आणि लोया यांनी तांबड्या समुद्रात ते बघितलं, तेही १९८६ मध्येच. मी म्हटलं, अंड्यांना कापड जास्त लागतं, यात नवल काय.

शेवटी दुकानाचं. फ्रॅगची तब्येत: चार तारे, जर आठवडाभर हौदात बसलेलं घेतलं तर. ताजं कापलेलं देत असतील तर घेऊ नका, तुकडा बटणाला स्वतः धरलेला हवा, बोटाने हलकेच पाणी ढकलून बघा. भाव: दादर-ठाण्याच्या मानाने कमी, मिठाचं तयार पाणी वीस लिटरच्या कॅनला परवडतं, पण कॅन स्टेशनपर्यंत तुम्हीच उचलायचा. मालकाचं बोलणं: दोन. मुलाचं: पाच, आणि त्याला कोणीतरी चांगली नोकरी द्या, फक्त माझं स्टार पॉलिप काचेवरून उतरल्यावर. मेलेल्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. भांडल्यावर एक झेनिया फुकट मिळाला. ‘नवशिक्यांचा संच’ अजून आहे, पण गेल्या महिन्यात बघितलं तर दहाचा सहा झालाय आणि तुकडे अंगठ्याएवढे. भाव तोच साडेतीन हजार. मला तो जास्त प्रामाणिक वाटला. एकंदर साडेतीन.

आणि आता त्यांच्या हौदात बटणांवर रबरबँड दिसत नाहीत, मोतिया रंगाचं नेट दिसतं. ते माझं आहे, एका गिऱ्हाइकाच्या रिसेप्शनच्या ओढणीतून उरलेलं. कोणाला लागलं तर संध्याकाळी सहानंतर या, कात्रणं फुकट देईन. ब्लाउज टाकायचा असेल तर मात्र दिवाळीआधी नाव घेणार नाही.